टेक्नोची गर्दी कुठून आली, आणि ईडीएमची कुठे गेली?

तिसरा_डेक :

ईडीएमच्या (मोठ्या स्टेजवरच्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या) भरात पुण्यात 'मी टेक्नो ऐकतो' म्हटलं की समोरचा विचारायचा, "म्हणजे ते अविचीवालं ना?" आता गाडी उलटी फिरली आहे. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात काळा टी-शर्ट, काळा गॉगल (रात्री! आत!) अशा वेषात रांगेत उभी असलेली पोरं मलाच शिकवतात की खरा टेक्नो कोणता. तक्रार नाही, गंमत वाटते. पण हे झालं कसं यावर बोलावं म्हणून धागा काढतोय.

माझी मांडणी अशी. २०१० ते २०१४ हा ईडीएमचा सुगीचा काळ. स्वीडिश हाउस माफिया, डेव्हिड गेटा, अविची हे त्याचे स्टार डीजे. २०११ मध्ये इलेक्ट्रिक डेझी कार्निव्हल हा फेस्टिव्हल लॉस एंजेलिसहून लास वेगासला गेला. तिथले क्लब डीजेच्या नावावर टेबलं आणि बाटल्या विकत होतेच, आता सगळं शहरच त्या धंद्याला लागलं. मागोमाग मोठा पैसा आला. रॉबर्ट सिलरमन यांच्या एसएफएक्स कंपनीने फेस्टिव्हल विकत घ्यायचा सपाटाच लावला. डीजे लोक जिथून ट्रॅक विकत घेतात ते बीटपोर्टसुद्धा २०१३ मध्ये त्यांनी घेतलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दरम्यान लोक कंटाळले होते. प्रत्येक गाण्यात तीच चढण, तोच ड्रॉप (चढण संपून ठोका कोसळतो ती जागा), तेच "हात वर करा". पण स्टेज, लाइट, एलईडीच्या भिंती, तिकिटांची यंत्रणा, हे सगळं उभं होतं. तिथे उभं करायला कुणीतरी हवं होतं, आणि टेक्नोला बर्लिनचं वलय आयतंच होतं. २०१५ मध्ये मायामीच्या अल्ट्रा फेस्टिव्हलने टेक्नो-हाउससाठी 'रेझिस्टन्स' नावाचा वेगळा विभाग काढला. २०१६ मध्ये टेल ऑफ अस या जोडीने 'आफ्टरलाइफ' हे टेक्नोचं लेबल आणि पार्ट्यांची मालिका सुरू केली. २०१९ मध्ये खुद्द गेटा साहेब मॉर्टन या डीजेला घेऊन टेक्नोच्या वळणाचं 'फ्युचर रेव्ह' विकायला लागले. २०२२ मध्ये बेल्जियमच्या टुमॉरोलँड फेस्टिव्हलच्या मुख्य स्टेजवरचा शेवटचा सेट शार्लट डी विट या टेक्नो डीजेने वाजवला.

तर माझं म्हणणं, मांडव ईडीएमचाच आहे, फक्त नवरदेव बदललाय. बोला.

साधासुधा :

धागा वाचला, नावं डोक्यावरून गेली. आमच्याकडे डीजे म्हणजे विसर्जनाला ट्रॅक्टरवर रचलेली भिंत आणि तिच्यापुढे थरथरणाऱ्या खिडक्या. कृपया आमच्यासारख्यांसाठी हाउस, टेक्नो, ट्रान्स आणि ईडीएम यातला फरक कुणी सांगेल का? मला सगळं धुप धुप धुप धुप असंच ऐकू येतं.

तिसरा_डेक :

@साधासुधा, धुप धुप बरोबरच आहे. चौघांतही मात्रेगणिक एक किक (ड्रमचा जाड ठोका) पडते, फरक तिच्या भोवती काय चाललंय त्यात असतो. हाउस शिकागोचं, डिस्कोच्या घरातलं. त्यात गाणारा आवाज असतो, पियानो असतो, कंबर हलेल अशी झोकदार लय असते. ट्रान्सला सुरावट लागते, हळूहळू फुलत जाणारी. मोठ्या स्टेजचं ईडीएम ड्रॉपसाठी जगतं. टेक्नोत सुरावट नावापुरती, शब्द जवळजवळ नाहीतच. एक छोटा तुकडा फिरत राहतो आणि दर आठ-सोळा आवर्तनांनी त्यात काहीतरी बारीक बदलतं: एखादा हाय-हॅट (छोट्या झांजांचा आवाज) उघडतो, फिल्टर जरा सरकतो, टाळी निघून जाते. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटतं. मग कान त्या बारीक बदलांची वाट बघायला लागतो.

हिमगौरी :

गोष्ट २०१० पासून का सुरू करताय राव? मी डेट्रॉइटजवळ नोव्हीत राहते, त्यामुळे मला हे वाचून जरा लागलंच.

डेट्रॉइटच्या बाहेर बेलव्हिल म्हणून गाव आहे. तिथल्या शाळेतले तीन कृष्णवर्णीय मित्र, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन. रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा निवेदक रात्री जर्मनीचा क्राफ्टवेर्क, जॉर्ज क्लिंटनचं फंक आणि प्रिन्स एकाच बैठकीत वाजवायचा. ही मुलं ते ऐकत वाढली. अॅटकिन्सने रिक डेव्हिसबरोबर 'सायबोट्रॉन' नावाने १९८१ मध्येच रेकॉर्ड काढली होती. १९८८ मध्ये इंग्लंडच्या एका लेबलने डेट्रॉइटच्या ट्रॅकचा संग्रह काढायचं ठरवलं. आधी तो डेट्रॉइटचा 'हाउस' म्हणूनच विकायचा बेत होता, पण शिकागोपेक्षा वेगळं काही दाखवायला हवं म्हणून शीर्षकात 'टेक्नो' आलं. म्हणजे मार्केटिंग पहिल्या दिवसापासून होतंच. त्याच सुमारास सॉन्डरसनच्या 'इनर सिटी' या गटाची गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेली. इथे डेट्रॉइटात? फारसं कुणाला पत्ता नाही. माझ्या ऑफिसातल्या जन्माने डेट्रॉइटकर असलेल्या लोकांना मोटाउनची जुनी गाणी तोंडपाठ, टेक्नो युरोपातून आलाय अशी त्यांची खात्री.

मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीत नदीकाठी हार्ट प्लाझात मूव्हमेंट फेस्टिव्हल असतो. २००० मध्ये सुरू झाला तेव्हा तो फुकट होता, कलादिग्दर्शक कार्ल क्रेग. आता तिकीट आहे. एक स्टेज जमिनीखाली, नुसत्या काँक्रीटच्या पोटात आहे. तिथे किक कानांनी ऐकायची गरजच पडत नाही, बरगड्यांना कळते. वर आलात की पलीकडे कॅनडातलं विंडसर दिसतं. आणि गर्दीत काळ्या गॉगलवाली पोरं असतात तशा साठीच्या कृष्णवर्णीय बायकाही असतात, घडीच्या खुर्च्या घेऊन आलेल्या. त्यांनी हे सगळं तरुणपणी ऐकलेलं आहे. त्या नाचायला उठल्या की जागा करून द्यावी लागते.

तेव्हा 'टेक्नो आता लोकप्रिय झाला' हे वाक्य इथून ऐकताना विचित्र वाटतं.

जुनी_कॅसेट :

मस्त प्रतिसाद हिमगौरी.

इथे चरणजित सिंग यांचं नाव यायलाच हवं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य काढलेला माणूस. १९८२ मध्ये मुंबईत एचएमव्हीसाठी त्यांनी एक रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. साथीला रोलँड कंपनीची यंत्रं: टीआर-८०८ (ड्रम), टीबी-३०३ (बेस) आणि ज्युपिटर-८ (सिंथ). तेव्हा ती कुणी विचारली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढली आणि परदेशात खळबळ. शिकागोच्या अॅसिड हाउसच्या (हाउसचा चिरक्या बेसवाला प्रकार) पाच वर्षं आधीचं, पण हुबेहूब तसंच! उतारवयात त्यांनी युरोपात कार्यक्रम केले, २०१५ मध्ये मुंबईत गेले. तेव्हा टेक्नोचा जन्म मुंबईत झाला असं म्हणायला काय हरकत आहे? :)

ध्वनिपेटी :

@जुनी_कॅसेट, स्मायली दिसली तरी उत्तर देतो, कारण व्हॉट्सअॅपवर हे स्मायली काढून फिरतं.

शिकागोत किंवा डेट्रॉइटात ती रेकॉर्ड कुणी ऐकली होती याचा काही पुरावा नाही. दोन्हीकडे एकच पेटी होती. ३०३ हे रोलँडने काढलेलं बेस गिटारची साथ करणारं यंत्र. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजायचं नाही, म्हणून आपटलं, उत्पादन बंद झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं. त्याच्यावर रेझोनन्सची एक खुंटी आहे. ती पिळत नेली की तो चिरका, ओला आवाज निघतो. शिकागोच्या पोरांनी मुद्दाम पिळली. चरणजितजींना मींड आणि गमक हवी होती, आणि त्या पेटीत स्वरावरून स्वरावर घसरायची सोय होती, म्हणून ते तिच्याकडे गेले असावेत असं मला वाटतं. त्यांच्या रेकॉर्डवर भैरव ऐका, माणूस रागाशी प्रामाणिक आहे. त्यांना 'अॅसिड हाउसचे जनक' म्हणणं म्हणजे त्यांनी जे खरोखर केलं ते बाजूला सारणं.

स्प्रेकाठचा :

बर्लिनमधून. हिमगौरी यांच्याशी सहमत, आणि मूळ लेखाला माझाही एक आक्षेप.

जर्मनीत टेक्नोची लाट एकदा येऊन, फुटून, ओसरून गेलेली आहे. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये मालकीचा पत्ता नसलेल्या इमारती शेकड्याने रिकाम्या. पश्चिम बर्लिनमध्ये बार बंद करायची सक्तीची वेळ १९४९ पासूनच नव्हती. मार्च १९९१ मध्ये वेर्टहाइम नावाच्या पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत 'ट्रेझोर' हा क्लब सुरू झाला. गंजलेले लॉकर तसेच ठेवलेले. आणि त्यांच्या लेबलची पहिली रेकॉर्ड कुणाची? डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाची. जेफ मिल्स, रॉबर्ट हूड, ब्लेक बॅक्स्टर, ही मंडळी इकडे येऊन वाजवायची, कारण घरी त्यांना एवढं ऐकणारं कुणी नव्हतं.

लव्ह परेड १९८९ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावरची दीडएकशे लोकांची टेक्नोची मिरवणूक होती. १९९९ मध्ये आयोजकांचा दावा पंधरा लाखांचा. मधल्या काळात टेक्नो इथल्या पॉप चार्टवर होता, सिगरेट कंपन्या प्रायोजक होत्या, भाज्या विकायलासुद्धा तोच ठेका लावत असतील. जुन्या लोकांनी तेव्हाही हेच म्हटलं, टेक्नो विकला गेला. मग परेडला उतरती कळा लागली, ती रूरच्या भागात गेली, आणि २४ जुलै २०१० ला ड्युइसबर्गमध्ये बोगद्याच्या तोंडाशी चेंगराचेंगरीत २१ जण मेले. ती परेड तिथेच संपली.

ज्याला आज सगळे 'खरा बर्लिन टेक्नो' म्हणतात तो त्या ओहोटीत वाढला. बर्गहाइन हा क्लब २००४ चा. रिची हॉटिन, व्हियालोबोस या डीजेंचा मिनिमल (अगदी मोजक्या आवाजांचा) टेक्नो त्याच दशकातला, स्वस्त विमानाने शनिवार-रविवारसाठी येणारी गर्दीही तेव्हाचीच. म्हणजे मोठ्या स्टेजवरून हकालपट्टी झाल्यावर त्याने तब्येत सुधारली. ईडीएमनंतर जी मंडळी टेक्नोकडे वळली ती या दुरुस्त झालेल्या टेक्नोकडे.

अवांतर: २०१६ मध्ये इथल्या न्यायालयाने बर्गहाइनचा कार्यक्रम मैफलीसारखाच सांस्कृतिक ठरवला आणि तिकिटावरचा कर १९ टक्क्यांवरून ७ वर आला. मार्च २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. त्याच वर्षाच्या शेवटी स्प्रे नदीकाठचा वॉटरगेट क्लब बंद झाला. वारसा झाला म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही.

तिसरा_डेक :

जर्मनीचा मुद्दा घेतला. पण एक बघा. तेव्हा लाट ओसरल्यावर परत जायला तळघरं होती. आताची लाट ओसरेल तेव्हा छोटी जागा शिल्लक असेल का? मुंबईत लोअर परळचा ब्लू फ्रॉग क्लब २०१६ मध्ये गेला, तेव्हापासून मी हेच बघतोय. मोठं मैदान भरतं, दोनशे लोकांची खोली चालवणाऱ्याला भाडं निघत नाही.

डबल_किक :

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. वय २२, ठाणे, आणि हो, मी तो काळा गॉगलवाला. १५० बीपीएम (मिनिटाला ठोके) ऐकतो. काका लोकांनो, वेगाला शिव्या घालण्याआधी रॉटरडॅमचा गॅबर हा प्रकार आठवा, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याहून जास्त पळत होता. वेग हा आजच्या पिढीचा रोग वगैरे काही नाही.

दुसरं, बर्लिनच्या आठ-आठ तासांच्या सेटच्या गोष्टी तुम्ही लोक नेहमी सांगता. आपल्याकडे उघड्यावर दहाला आवाज बंद. मुंबईत आतल्या जागेतही दीडला दिवे लागतात. परदेशी डीजेला दीड तास मिळतो, त्यात त्याने हळूहळू काय फुलवायचं? मी ठाण्याहून दोन तास घालवून पोचतो, शेवटच्या लोकलचं गणित डोक्यात असतं. मला पहिल्या मिनिटाला किक पाहिजे.

तिसरं, लॉकडाऊनमध्ये मी दहावी-अकरावीत होतो. टेक्नो फोनवरच भेटला. क्लब नंतर पाहिला.

ध्वनिपेटी :

@डबल_किक, तुमचा टेक्नो असा का, याचं अर्धं उत्तर तुझ्या तिसऱ्या मुद्द्यातच आहे, बघ कसं.

२०१५ नंतरच्या टेक्नोत एक युक्ती सर्रास वापरतात, तिला 'रंबल' म्हणतात. किकचा एक फाटा घ्यायचा, तो मोठ्या रिव्हर्बमध्ये (घुमवणाऱ्या इफेक्टमध्ये) सोडायचा, वरच्या सगळ्या कंपनसंख्या फिल्टरने कापून टाकायच्या, आणि उरलेली गुरगुर प्रत्येक किकच्या वेळी दाबून ठेवायची. त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बेसलाइन न लिहिता बेस तयार होतो. तळघरात चांगल्या सबवूफरवर हा आवाज जमिनीतून वर येतो. हाच ट्रॅक फोनवर लाव. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. ट्रॅकचा आत्माच गायब, उरते टिकटिक.

आता रीलवर चालणारा हार्ड टेक्नो ऐक. किक इतकी डिस्टॉर्ट केलेली की ती मधल्या पट्ट्यात ओरडते. वर चिरका सिंथ, नव्वदच्या दशकातल्या पॉप गाण्याचा वेग वाढवलेला तुकडा, आणि पंधरा-वीस सेकंदांत एक ड्रॉप. हे सगळं फोनवर ऐकू येतं. मुद्दाम फोनसाठी बनवलं असं मी म्हणत नाही, पण जे फोनवर ऐकू येतं तेच पसरतं, मग तेच मागितलं जातं, मग तेच बनतं. वेगापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. ड्रॉप परत आला, फक्त काळे कपडे घालून.

बीटपोर्टकडे बघितलं तरी हे दिसतं. २०१८ मध्ये मेलोडिक हाउस आणि टेक्नोचा वेगळा कप्पा केला, २०२० च्या सुमारास उरलेल्या टेक्नोचे आणखी दोन: एक पीक टाइमचा, दुसरा रॉ, डीप, हिप्नॉटिक वगैरेंचा. दुकानदाराला कप्पे पाडावे लागले, कारण एकाच नावाखाली एकमेकांचं तोंड न बघणारी गिऱ्हाइकं आली होती.

म्हापशेकार :

गोव्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. परदेशी लोकांना वाटतं गोवा म्हणजे टेक्नो. हणजूण-वागातोरचं मूळ संगीत ट्रान्स, ज्याला जग गोवा ट्रान्स म्हणून ओळखतं. गोवा गिल २०२३ मध्ये वारले, तेव्हा इथले जुने लोक खरोखर हळहळले. टेक्नो इथे क्लबांबरोबर आला, खूप नंतर, आणि मुख्यतः दिल्ली-मुंबईच्या वीकएंडवाल्या गिऱ्हाइकासाठी. सनबर्न २००७ मध्ये कांदोळीत सुरू झाला तो ईडीएमच्या लाटेवर वाढला, २०१६ मध्ये तुमच्या पुण्याला केसनंदला गेला, पुढे पुन्हा इकडे आला. गावातल्या माणसाला यातलं कुठलं संगीत कोणतं हे कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्याला झोप हवी आहे. आवाजाच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेल्यात. डबल_किक, दहाचा नियम तुला जाचतो. माझ्या आईचं वय ७८ आहे, तिला विचारून बघ.

डबल_किक :

@म्हापशेकार, मान्य. पण मग आत, साउंडप्रूफ जागा द्या ना. त्याही नाहीत, आणि असल्या तर तिथे टेबल घेतल्याशिवाय पोरांना आत सोडत नाहीत. एका जागी आम्हा चौघांना 'स्टॅग एंट्री नाही' म्हणून दारातून परत पाठवलंय. बर्लिनच्या दारातही परत पाठवतात म्हणा, पण निदान पाकीट बघून नाही.

@ध्वनिपेटी, फोनचं पटलं नाही आणि पटलंही. माझ्या मित्रांपैकी जे फोनवरून आले त्यातले काही आता जेफ मिल्स ऐकतात. तुम्ही लोक पहिल्या दिवशी काय ऐकत होता? खरं सांगा.

तिसरा_डेक :

टिएस्टो, तोच मोठ्या स्टेजवाला. झालं समाधान?

स्प्रेकाठचा :

हाहा. मी स्कूटर, तो धांगडधिंगावाला जर्मन बँड. आणि पुण्यातच ऐकला, बर्लिन नकाशावर दाखवता आलं नसतं तेव्हा.

हिमगौरी :

डबल_किकशी मी सहमत आहे. मुलं कुठल्या दाराने आली याचं मला काही वाटत नाही. मला खुपतं ते पोस्टरवर. मोठ्या टेक्नो फेस्टिव्हलचं पोस्टर बघा आणि त्यात ज्यांनी हे संगीत घडवलं त्या समाजातली नावं शोधा. असली तर खाली, बारीक अक्षरात. 'टेक्नो पुन्हा कृष्णवर्णीय करा' अशी टोपी निघाली होती अमेरिकेत, ती काही गंमत म्हणून निघाली नव्हती. इथे ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या इमारतीत टेक्नोचं छोटंसं संग्रहालय आहे. आधी वेळ घेऊन जावं लागतं. बर्लिनमध्ये टेक्नोला सरकारी यादीत जागा मिळाली, ती त्यांनी मागून घेतली, चांगलंच केलं. डेट्रॉइटने काय मागायचं आणि कुणाकडे?

साधासुधा :

सगळे प्रतिसाद वाचले. ध्वनिपेटी, तुमचं वाचून फोनवर ऐकायचा नाद सोडला. घरी जुना होम थिएटर आहे, त्याचा सबवूफर अजून चालतो. कुठे ठेवू? आणि सुरुवात कुठल्या दशकापासून करू?

ध्वनिपेटी :

कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बेस फुगतो आणि सगळ्या किक सारख्याच वाटतात. भिंतीपासून हातभर पुढे घ्या, मग आवाज अर्ध्यावर. रात्री दहानंतर बंद, म्हापशेकारांच्या आईंसाठी.

दशक नव्वदचं घ्या. १९९४ च्या सुमाराचा रॉबर्ट हूड लावा: एक किक, एक हाय-हॅट, एक तुकडा, बास. त्यात काय काय बदलतंय ते ऐका. कंटाळा आला तर सरळ सॉन्डरसनकडे जा, तिथे गाणारी बाई आहे आणि चाल आहे.

तिसरा_डेक :

आणि त्यानंतर डबल_किकने सांगितलेलं काहीतरी ऐका. डबल_किक, तीन नावं दे. रील नको, पूर्ण सेट दे.

डबल_किक :

देतो. पण काका, तुम्हीही पूर्ण ऐकायचे, मध्ये बंद करून "आमच्या वेळी" सुरू करायचं नाही. वेगळा धागा काढतो.